पंचवीसला एक

बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, ही गोष्ट अख्ख्या धानोऱ्यात फक्त आईला आणि मला माहीत होती. मराठीसुद्धा ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. पण गिऱ्हाईक समोर असलं की मशीनबरोबर आलेलं पुस्तक ऐटीत हातात घ्यायचे, चष्मा नाकावर सरकवायचे, दोन-चार पानं उलटायचे, एखाद्या चित्रापाशी थांबून "हूं" म्हणायचे आणि पुस्तक मिटून फळीवर टाकायचे. गिऱ्हाईकाला वाटायचं, मिस्त्रीनं सगळं वाचलं. खरं तर त्यांना पुस्तकाची गरज फारशी पडतही नसे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. तेवढ्यात आत काय दुखतंय ते दामूमिस्त्रीला कळतं, असा त्यांचा लौकिक होता. मोपेड असो, पिकावर फवारायचा पेट्रोलचा पंप असो की विश्रामगृहाच्या बागेतली गवत कापायची मशीन असो, टू-स्ट्रोक म्हटलं की लोक आमच्या दारात यायचे. मोठ्या गाड्यांना बाबा हात लावत नसत. "ट्रक म्हणजे म्हैस," ते म्हणायचे, "आपलं काम शेळ्यांचं."

दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे पेट्रोल, पलीकडे चूल. माणसं तो पडदा पाळायची, वास पाळायचा नाही. आई ताट वाढताना रोज एकदा तरी म्हणायची, "आपल्या घरच्या भाताले काडी लावली तं भडकून उठन." दोन्ही वेळा भातच असायचा, त्यावर लाखोळीची डाळ, कधी सुकी मासोळी, पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी. मार्चमध्ये अंगणभर मोहाची फुलं वाळत पडलेली असायची आणि त्यांचा गोड, डोक्यात चढणारा वास पेट्रोलच्या वासात मिसळून असं काही रसायन व्हायचं की नवा पाहुणा दारातच थबकायचा. मला मात्र त्या वासात भूक लागायची. अजूनही पेट्रोलपंपावर गाडी थांबली की मला डाळ-भात आठवतो. माझी सून याला हसते.

शाळेतून आल्यावर मी दुकानात बसायची, ती बारावी सायन्स होईपर्यंत दुकानातलीच झाले. इंजिन खोलायचं काम बाबांचं, पण प्लग आणि कार्बोरेटर माझे. जाळीत अडकलेला कचरा दातकोरणीनं काढणं, प्लगच्या टोकांमधलं अंतर जुन्या पात्यानं मोजणं, दोरी ओढून पहिल्या झटक्यात मशीन सुरू करणं, हे मला एकोणिसाव्या वर्षी डोळे मिटून यायचं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माही पोट्टी म्हणजे माहा उजवा हात आहे." शेजारी रशीदचाचांचं दुकान होतं, ते सुटे भाग आणि तेल विकायचे. ते लगेच म्हणायचे, "मंग दामूभाऊ, तुमचा डावा हात काय करते? चहाचा कप धरते?" सगळे हसायचे, बाबाही. मी खाली मान घालून प्लग पुसत राहायची आणि कान मात्र तिकडेच असायचे. बाप चारचौघांत कौतुक करतो, याची चव दुसऱ्या कशाला नसते.

ज्यांनी ही इंजिनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. टू-स्ट्रोकला वंगणाचं तेल वेगळं भरायची सोय नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. बाटलीवर 2T लिहिलेलं असायचं म्हणून आमच्याकडे सगळे त्याला 'टुटी' म्हणायचे. टुटी जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो. मशीन कुरकुरते, पण मरत नाही. टुटी कमी पडलं तर पिस्टन कोरडा चालतो, तापतो आणि नळकांड्यात धरून बसतो. मग इंजिन जाम. म्हणून माप महत्त्वाचं. हे माप पुस्तकात 50:1 असं लिहिलेलं असायचं. म्हणजे पन्नास भाग पेट्रोल आणि एक भाग तेल. हिशेब केला तर एका लिटरला वीस मिली. बाबांना त्यातले आकडे तेवढे कळायचे. त्यांनी सरळ अर्थ लावला होता, पन्नास मिली तेल आणि एक लिटर पेट्रोल. पहिला आकडा तेलाचा, दुसरा पेट्रोलचा. ते फवारणीच्या पंपांत अडीचपट तेल ओतत आले होते. फवारणीच्या दिवसांत बांधावर निळा धूर उठला की लोक म्हणायचे, दामूमिस्त्रीचा पंप सुरू झाला. चूक होती, पण पंधरा वर्षांत त्या चुकीनं एकही इंजिन मेलं नव्हतं. मेले असतील तर डास. आणि जी चूक पंधरा वर्षं चालते, तिला माणूस चूक म्हणत नाही, अनुभव म्हणतो. मीसुद्धा तोवर तेच माप घालत होते. बापाचं माप कोण तपासतं?

त्या वर्षी गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गवत कापायच्या सहा नव्या मशिनी आल्या. खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला फिरतं पातं. वाफ्यांमधलं गवत तर कापायचं होतंच, पण मुख्य काम जाळरेषेचं होतं. मोह वेचणारे लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, ती आग जंगलातून रोपांपर्यंत येऊ नये म्हणून रोपवाटिकेभोवती गवताचा रुंद पट्टा साफ करून ठेवतात, ती जाळरेषा. मशिनी बाया चालवणार होत्या. रोपवाटिकेचे प्रमुख मडावी सर बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते एक दिवस पुस्तक घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, मशिनी सांभाळायले कायमचं एक माणूस पाहिजे. रोजचं मिश्रण करणं, साफ ठेवणं, बायांले शिकवणं. चालवणाऱ्या बायाच आहेत तं बाईच असली तं बरं. तुमच्या नंदाचं नाव पाठवू काय?" बाबांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिलं, "पाठवा ना साहेब. माहा उजवा हात देऊन राह्यलो तुमाले."

ती नोकरी मला हवी होती. त्याआधी मी घरात कधी काही मागितलं नव्हतं; कपडे वर्षातून एकदा यायचे ते यायचे, कॉलेजला गडचिरोलीला जायचं ठरलं तेही आईनं ठरवलं. पण ही जागा मला माझ्यासाठी हवी होती. माझ्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, आणि नोकरी लागली तर त्या दोन-तीन वर्षं तरी मागे पडणार होत्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला ते काम येत होतं. धानोऱ्यात बाईमाणसाला येणारं काम आणि मिळणारं काम एकच असण्याचा योग रोज येत नव्हता. मी त्या पंधरवड्यात रोज सकाळी दोन वेण्या घट्ट घालून रोपवाटिकेत जायची आणि बायांना दोरी कशी ओढायची ते शिकवायची. पहिल्या दिवशी त्या मशीनला नमस्कार करत होत्या, आठव्या दिवशी शिव्या देऊ लागल्या, तेव्हा मी समजले की आता शिकल्या.

नव्या मशिनींच्या पुस्तकात माप होतं 25:1. मी पहिल्यांदाच पुस्तक नीट वाचलं, कारण नोकरी माझी होणार होती. खाली तक्ताही दिला होता, एका लिटरला चाळीस मिली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि आता हे बाबांना सांगायचं होतं. जेवताना विषय काढला.

"बाबा, नव्या मशिनीले लिटरले चाळीस टाकाचं आहे."

"काऊन? पंचवीस लिहलं आहे ना त्याच्यावर. मले आकडे दिसतेत."

"पंचवीस पेट्रोलचे आहेत बाबा, तेलाचे नाई. पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग तेल."

"आन् पन्नासच्या पंपात मी आजवर पन्नास टाकून राह्यलो ते?"

आई मदतीला आली. तिनं डब्यातून वाटीनं तांदूळ घेतले. "पोट्टी बरोबर सांगून राह्यली. खिचडीत पंचवीस वाट्या तांदळाले एक वाटी डाळ म्हटलं तं डाळ एकच ना? आन् धा वाट्याले एक म्हटलं तं डाळ जास्त झाली. वाट्या कमी, तं डाळ जास्त."

बाबांनी तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नवीन मशीनले तेल कमीच लागते. म्हणून तं आकडा लहान केला त्याहीनं. हे खिचडीचं इथी नको सांगू मले." मग ताटावरून उठताना म्हणाले, "कर तुले कराचं तसं. नोकरी तुही आहे." मी हे होकार म्हणून घेतलं. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण धुऊन घेतलं आणि लिटरला चार टोपणं मापून घालू लागले. मशिनी सुंदर चालल्या. प्लग उघडले तर चहाच्या रंगाचे, अगदी जसे हवेत तसे.

दोन आठवडे झाल्यावर मडावी सर म्हणाले, "उद्या कॉलेजातून टी.सी. घेऊन ये, परवा तुहं नाव पाठवतो." मी पहाटेच उठून मिश्रण केलं. दहा लिटरच्या डब्यात पाच लिटर पेट्रोल, वीस टोपणं टुटी. पाचच, कारण सहाव्या मशीनची दोरी तुटून ती आमच्या दुकानात पडली होती. डब्याला कागद चिकटवला, 'पाच लिटर. पाच मशिनी. नंदा.' आणि सातच्या गाडीनं गडचिरोलीला गेले. कॉलेजात कारकुनानं तासभर बसवलं, पण टी.सी. मिळाली. परतीच्या गाडीत मी ती पिशवीतून तीनदा काढून पाहिली. टी.सी.त पाहण्यासारखं काही नसतं. तरी पाहिली.

चारच्या सुमारास दुकानापाशी आले तर दारात माणसं होती. गोणपाटावर तीन मशिनी आडव्या ठेवलेल्या, बाजूला रोपवाटिकेतल्या दोन बाया पदरानं वारा घेत बसलेल्या, मडावी सर उभे, रशीदचाचा आपल्या ओट्यावरून पाहत होते. जळक्या लोखंडाचा वास येत होता. बाबांनी एक इंजिन उघडलं होतं आणि पिस्टन हातात धरला होता. त्याच्या एका बाजूला उभे ओरखडे पडले होते, कोरडे, करपलेले. विचारायची गरजच नव्हती. तेलाविना चाललेल्या पिस्टनची अशी गत होते, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. माझी नजर डब्याकडे गेली. माझा कागद तसाच चिकटलेला होता. डबा हलवून पाहिला, आत अजून दोन लिटर होतं, आणि टुटीनं पेट्रोलला येणारा हिरवा रंग मी सोडून गेले होते त्यापेक्षा कितीतरी फिका होता. बाया सांगत होत्या, सकाळी सहाही मशिनींच्या टाक्या भरल्या. एकेका टाकीत एक लिटर मावतं. सहा आणि दोन आठ. मी ठेवलं होतं पाच. पाच लिटरचं तेल आठ लिटरमध्ये पसरलं की लिटरला किती पडतं, याचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला. पंचवीस.

म्हणजे बाबांनी सहावी मशीन दुरुस्त केली होती, तिला पेट्रोल हवं होतं, आणि ते घालता घालता त्यांनी माझं मापही 'दुरुस्त' केलं होतं. तीन लिटर कोरं पेट्रोल ओतलं होतं. मला राग आला नाही, खरंच नाही. माझ्या मनात आलं, आता बाबा सांगतील आणि बिचाऱ्यांना किती ओशाळं वाटेल.

मडावी सरांनी विचारलं, "मिस्त्री, झालं काय?"

"तेल कमी पडलं साहेब."

"मिश्रण कोणी केलं होतं?"

बाबा चिंधीला हात पुसू लागले. एकेक बोट, मग नखं, मग पुन्हा बोटं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, "पोट्टीनं मिसळलं साहेब. लहान आहे अजून. आकड्यात चुकली."

मी का बोलले नाही, हे मला पुढे कितीतरी वेळा विचारावंसं वाटलं, माझं मलाच. बापाला चारचौघांत खोटं पाडू नये, हे वळण होतंच. पण त्याहून एक अडचण होती. बाबांनी पेट्रोल वाढवलं, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का वाढवलं? आणि त्याचं खरं उत्तर एवढंच होतं की पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. ते मी धानोऱ्याच्या भर रस्त्यावर सांगायला हवं होतं. मी त्यांची अब्रू मुठीत धरून उभी होते, आणि ते त्याच वेळी माझी सोडून देत होते. रशीदचाचांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. मडावी सर म्हणाले, "बरं. मंग नावाचं नंतर पाहू." टी.सी. माझ्या हातातच होती. पडदा सारून मी आत गेले. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी जेवलेसुद्धा. दिवसभर पोटात काही नव्हतं.

मला वाटलं, लोक गेल्यावर बाबा आत येतील आणि काहीतरी बोलतील. ते आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. आईनं वाढलं आणि ती निघून गेली. एरवी ती त्यांच्यासमोर बसून "घ्या ना अजून" म्हणायची. ते तिनं त्या दिवशी सोडलं आणि महिनाभर सोडलं. बाबांनी ते निमूट सोसलं. मला एक शब्द बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्याच्या फटीतून जे पाहिलं, ते मला आदल्या दिवशीच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. बाबा रोपवाटिकेचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते आणि माझ्या औषधाच्या टोपणानं टुटी मापत होते. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. एका लिटरला चार टोपणं. म्हणजे त्यांना कळलं होतं. पिस्टन हातात घेतला तेव्हाच कळलं असणार. न कळून बोलले असते तर मी त्यांना माफ करायला एका पायावर तयार होते.

मी रोपवाटिकेत जाऊन मडावी सरांना भेटले. एवढंच म्हणाले, "सर, मी पाच लिटर ठेवलं होतं." ते वाफ्यातल्या रोपांकडे पाहत राहिले. "माहीत आहे नंदा. तुहा कागद वाचला मी." मग हळूच म्हणाले, "पण त्या तीन मशिनी खोलणार कोण? तुहे बाबाच ना? त्याहीले मी खोटं पाडलं तं उद्या ते पेचकसाले हात लावनार नाई. अन् जाळरेषा तं झाली पाहिजे." माणूस वाईट नव्हता. त्याला जंगल वाचवायचं होतं, आणि माझ्यापेक्षा ते मोठं होतं. पुढे त्या जागेवर कोणालाच घेतलं नाही. मिश्रण आमच्याच दुकानातून जाऊ लागलं, बाबांच्या हातचं, चार टोपणांचं. लोक म्हणू लागले, दामूमिस्त्रीनं आता मापात सुधारणा केली, धूर कमी झाला. कुंपणानंच शेत खाल्लं आणि वर लोकांनी कुंपणाची तारीफ केली, असा तो प्रकार होता. रशीदचाचा एकदा माझ्या हातात सुट्या भागांची पुडी देताना म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ, बेटा." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

शेवटी मीच विचारलं. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं, बाबा कार्बोरेटर धूत होते. हे काम आधी माझं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुमाले माहीत होतं ना?"

त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. हातातलं काम थांबवलं नाही. "तुहं काय आहे," ते म्हणाले, "तू चुकली तं पोट्टी चुकली, लोक दोन दिवसांत भुलतेत. उद्या लग्न होऊन जाशीन. माहं नाव गेलं तं दुकान जाईन. मंग खाशीन काय?"

यात खोटं काही नव्हतं. त्यांनी तराजूत तोलून पाहिलं होतं, माझं काय जातं आणि त्यांचं काय जातं, आणि त्यांच्या हिशेबात माझं काहीच जात नव्हतं. आता मलाही दोन मुलं आहेत. त्यांच्यासाठी मी खोटं बोलले आहे, त्यांच्याशीही बोलले आहे. पण त्यांना पुढे करून मागे कधी लपले का, हे मी अधूनमधून स्वतःला विचारते आणि उत्तर येईपर्यंत मला धडधडत असतं. बाबांना असं कधी धडधडलं का, ते मला ठाऊक नाही. मी दुकानात बसणं सोडलं. नवी मशीन आली की बाबा पुस्तक घेऊन पडद्यापाशी यायचे, "नंदे, हे पाय बरं काय लिहलं आहे." मी एकच उत्तर द्यायची, "मले नाई समजत." बारावी सायन्सवाली पोरगी दोन आकडे समजत नाहीत म्हणते, आणि बाप "बरं" म्हणून परत जातो. दीड वर्ष आम्ही असे सभ्यपणे एकमेकांशी खोटं बोलत राहिलो.

मग माझं लग्न ठरलं. ब्रह्मपुरीचं स्थळ होतं, माणसं बरी होती. लग्नाला चार दिवस उरले होते. घरात पाहुणे भरलेले, आई आणि मावशी चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होत्या, आणि बाबा पडद्याच्या आत आले. हातात पुस्तक होतं. कोणीतरी लाकूड कापायची पेट्रोलची नवी आरी आणली होती, महागाची. बाबा बनियनवर होते, छातीवरचे केस पांढरे झालेले मला पहिल्यांदाच दिसले. "एक आकडा सांगतं काय?" ते म्हणाले. हुकूम नव्हता तो. दीड वर्षात त्यांनी माझ्याकडे इतक्या हळू आवाजात काही मागितलं नव्हतं.

माझं मन वितळलं, हे मी लपवत नाही. चार दिवसांनी मी जाणार होते, आणि मग त्यांना कोण वाचून दाखवणार होतं? मी पुस्तक घेतलं, पान काढलं. 40:1 लिहिलं होतं. मनात हिशेब केला, तक्ता पाहिला, परत हिशेब केला. "चाळीसले एक आहे बाबा," मी म्हणाले. "म्हणजे लिटरले पंचवीस."

"पंचवीस?"

"हो. पंचवीस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. तो आकडा त्यांच्या तोंडात कसा लागला असेल, ते मला तेव्हाच कळलं, पण खरा आकडा तोच होता, त्याला मी काय करणार? ते पुस्तक घेऊन बाहेर गेले. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. बाबा दुकानात थांबले नाहीत. ते तसेच बनियनवर, अनवाणी, रस्ता ओलांडून समोरच्या घरातल्या शाळामास्तरांकडे गेले. मास्तर ओसरीवर खाटेवर बसले होते, जवळ दोन माणसंही होती. बाबांनी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं आणि बोट ठेवलं. जन्मभर जे झाकलं, ज्याच्यासाठी माझी नोकरी गेली, ते त्यांनी त्या ओसरीवर दिवसाढवळ्या तीन माणसांपुढे उघडं केलं. पोरीवर विश्वास ठेवण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटलं. दगा मला दिला होता, आणि तो उलटून येईल याची भीती इतके दिवस त्यांनी वागवली होती. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, पुस्तकाच्या कडेला गुणाकार-भागाकार केला आणि मान हलवली. बाबांनीही हलवली.

परत आले तेव्हा मी वड्यांची परात उचलत होते. बाबा माझ्यापाशी थांबले. चेहरा मोकळा झाला होता. "बरोबरच सांगतलं होतं तुनं," ते शाबासकी दिल्यासारखं म्हणाले, आणि पडदा सारून दुकानात गेले.